ऊब आणि गारव्याचा ताळेबंद

चंदीगडच्या सेक्टर ३०मधील घराला वर्षातून दोनदा कसोटीला उतरावे लागते. मे-जूनमध्ये येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो पाच अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली उतरतो. या दोहोंच्या मध्ये दमट पावसाळा असतोच. मुंबई-पुण्याहून बदलीवर येथे येणाऱ्या कुटुंबाला कूलर, वातानुकूलन यंत्र, गीझर आणि हीटर ही चारही साधने एकाच घरात नांदवावी लागतात. त्यांची निगा हा केवळ सोयीचा विषय राहत नाही. तो खर्चाचा आणि प्रसंगी जिवाचाही प्रश्न ठरतो.

घर हेच पहिले यंत्र

चंदीगडच्या पहिल्या टप्प्यात १ ते ३० क्रमांकांचे सेक्टर वसविले गेले. १३ हा आकडा मात्र गाळण्यात आला. ल कार्बुझिए यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहणाऱ्या या शहरातील घरांची रचना मुख्यत्वे पिएर जॉनरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांनी भारतीय सहकाऱ्यांच्या साथीने केली. १९५०च्या दशकात घरगुती वातानुकूलन सामान्यांच्या आवाक्यात नव्हते. त्यामुळे विटांच्या जाळ्या, खोल व्हरांडे, छज्जे आणि मोकळी गच्ची यांवरच गारव्याची भिस्त होती.

त्यामागे साधे गणित आहे. चंदीगडला २१ जूनच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ८३ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो अवघ्या ३६ अंशांवर राहतो. दक्षिणेकडील खिडकीवर योग्य लांबीचा छज्जा असेल, तर उन्हाळ्यातील ऊन बाहेर अडते आणि हिवाळ्यातील कोवळे ऊन थेट खोलीत येते. यासाठी विजेचे एक युनिटही खर्ची पडत नाही.

म्हणूनच नवे यंत्र घेण्यापूर्वी घराकडे पाहावे. वरच्या मजल्यावरील खोली प्रामुख्याने छतातून तापते. गच्चीवर ऊन परतविणारा पांढरा लेप दिल्यास छत कमी तापते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिकाची चटई लावावी, दारांखालच्या फटी बुजवाव्यात. घराच्या दर्शनी भागात बदल करण्यापूर्वी प्रशासनाचे नियम पाहून घेणे मात्र आवश्यक आहे.

उन्हाळ्याची पूर्वतयारी

विदर्भातील वाचकांना कूलरची ओळख करून देण्याची गरज नाही. पाण्याचे बाष्प होताना हवेतील उष्णता शोषली जाते, हे त्याचे तत्त्व. त्यामुळे कोरड्या मे महिन्यात तो उत्तम चालतो, पावसाळी दमट हवेत मात्र निष्प्रभ ठरतो. हंगामापूर्वी वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या बदलाव्यात, टाकीतील क्षार खरवडून काढावेत. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून कोरडी करावी. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग असलेच पाहिजे. पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढून ठेवावा. या एका सवयीने जीवघेणे अपघात टळतात.

वातानुकूलन यंत्राची जाळी वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी धुवावी. बाहेरच्या भागावरील धूळ वर्षातून एकदा जाणकाराकडून काढून घ्यावी. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हा समज चुकीचा आहे. यंत्रातील वायू बंदिस्त नळ्यांतून फिरतो, तो वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती आधी बुजवावी, मगच वायू भरावा. आर-३२ आणि आर-२९० हे नवे वायू ज्वलनशील असल्याने हे काम प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावे.

ऊब हवी, पण दार उघडे

हिवाळ्यातील धोका अधिक मूक असतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो. या वायूला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. गॅसवरील गीझर बंद न्हाणीघरात असल्यासही हेच घडू शकते. तो बाहेरच्या मोकळ्या जागी बसवावा आणि झोपण्याच्या खोलीत शेगडी नेऊच नये.

विजेचा २००० वॅटचा हीटर पूर्ण क्षमतेने सहा तास चालला, तर १२ युनिटे खर्ची पडतात. याउलट, गरम हवाही देणारे वातानुकूलन यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून आत आणते. त्यामुळे तेवढ्याच विजेत ते सामान्यतः दोन ते तीन पट ऊब देते. चंदीगडसारख्या गावी नवे यंत्र घेताना ही सोय आहे का, हे अवश्य विचारावे.

बदलावे की दुरुस्त करावे?

ऊर्जा दक्षता ब्यूरोची तारांकन योजना २००६ साली सुरू झाली. तारांचे निकष वेळोवेळी कडक होत गेल्याने दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या तोडीचे नाहीत. लेबलवरील वर्ष आणि वार्षिक युनिटांचा आकडा दोन्ही वाचावेत. तो आकडा १६०० तासांच्या वापरावर बेतलेला असतो. आपला वापर त्याच्या निम्मा असेल, तर बचतही तितकीच घटेल.

समजा, अधिक कार्यक्षम यंत्राची किंमत १०,५०० रुपयांनी जास्त आहे आणि त्यामुळे वर्षाला ३०० युनिटे वाचतात. दर ७ रुपये धरल्यास वार्षिक बचत २,१०० रुपये होते. जादा रक्कम पाच वर्षांत वसूल होते. हप्त्याने खरेदी करताना व्याजही या हिशेबात धरावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हेही ध्यानी असू द्यावे. फुकटातला उपाय मात्र हाताशीच आहे: तापमान एका अंशाने वाढवून ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगतो. जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर येतात, ती याच विचाराने.

सेक्टर ३० मध्येच केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना ही १९५९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. अचूक मोजमाप हा तिथल्या कामाचा पाया. गृहस्थाला मात्र भिंतीवरचा एक तापमापक आणि विजेचा मीटर एवढी उपकरणे पुरेशी आहेत. दर रविवारी मीटरचा आकडा आणि खोलीचे तापमान वहीत टिपून ठेवावे. दोन हंगामांत कोणते यंत्र किती खाते, कोणती खोली विनाकारण तापते, हे आपसूक कळेल. आणि मग दुकानाची पायरी चढताना विक्रेत्याच्या शब्दापेक्षा आपल्या वहीचा आधार अधिक भक्कम असेल.