कल्हई, कळकलेले ताक आणि बाळाचे यकृत

बेगम बाजारातील भांड्यांच्या दुकानांत तांब्याचे हंडे आणि पितळी पातेली आजही लखलखत असतात. अलीकडे हौसेने ती पुन्हा स्वयंपाकघरात येऊ लागली आहेत. म्हणून एका बालरोगतज्ज्ञाने थोडे रसायनशास्त्र आठवावे, हे वावगे ठरू नये.

डॅनियलचा विद्युत्घट आपण सर्वांनी शिकलेला आहे. जस्ताचे ऑक्सिडीकरण होऊन इलेक्ट्रॉन सुटतात, ते तारेतून तांब्याकडे जातात व तेथे तांब्याच्या आयनांचे क्षपण होते. जस्ताचा प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट, तांब्याचा अधिक ०.३४, यांतील अंतर, म्हणजे १.१० व्होल्ट, हाच घटाचा विद्युत्दाब. कथलाचा विभव उणे ०.१४. कल्हई हा कथलाचाच पातळ थर. त्यावर चरा पडून तांबे उघडे पडले, की आंबट पदार्थात तेथे एक इवलासा विद्युत्घट तयार होतो. त्यात कथील झिजते आणि तांबे बचावते. कथील संपले, की हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने तांबे विरघळू लागते आणि ताक कळकते. आपल्या आज्यांना विभव ठाऊक नव्हता, पण कल्हईवाल्याला केव्हा हाक मारायची हे अचूक कळत असे!

कळकलेले ताक जिभेला कळते. दुधाचे तसे नाही. दुधातील केसीन तांबे बांधून ठेवते आणि ते निमूटपणे बाळाच्या पोटात जाते. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ या व्याधीत फुगलेले पोट आणि कठीण यकृत घेऊन आलेली चिमुकली मुले बहुधा वाचत नसत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये पितळी भांड्यांतील वरच्या दुधाकडे बोट दाखविले. पुढे स्टेनलेस स्टील रुळले आणि व्याधी जवळजवळ नाहीशी झाली. ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात अशाच विकाराने १३८ बालके दगावली. तेथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडीच होती. एकाच भांड्यातले दूध पिणारी सर्वच मुले आजारी का पडली नाहीत? आनुवंशिक प्रवणता असावी, असा कयास आहे. त्याचा निर्णायक उलगडा झालेला नाही.

तोवर बाळाचे दूध स्टीलच्याच भांड्यात तापवावे. आणि आपण वैद्यक व्यावसायिकांनी, वाढलेले यकृत हाताला लागताच, आईला एवढे अवश्य विचारावे : “वरचे दूध कशात तापवता, ताई?”