प्रकाशाच्या पोटात काय असते?

बारावीला सायन्सची फी झेपणार नाही म्हणून मी आर्ट्सला आले. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा पदार्थविज्ञानावर मी लिहिणे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण हा विषय घडवणाऱ्या एक बाई आपल्या सांताक्रूझजवळच्या विद्यानगरीत शिकवीत होत्या. मग तो सायन्सवाल्यांनाच का सोडून द्यावा?

दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांवर टाका. ते आरपार जातात, टक्कर होत नाही. प्रकाशाचा कण म्हणजे फोटॉन. त्याला ना वस्तुमान, ना विद्युतभार. मग त्याच्या पोटात असणार तरी काय?

शास्त्र सांगते की फोटॉन अत्यल्प काळ क्वार्क आणि प्रतिक्वार्क या जोडीचे रूप घेऊ शकतो. प्रोटॉन ज्यांचा बनतो ते क्वार्क, आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन. जोडी आली की ग्लुऑनही आलेच. लगेच सारे मिटते आणि फोटॉन उरतो. डाळिंबातल्या दाण्यांसारखे ते आत बसलेले नसतात. बहुरूप्याने पोलिसाचे सोंग घ्यावे तशी ही गत. मात्र सोंग चालू असताना कोणी धडकले, तर टक्कर खरोखरच क्वार्कशी किंवा ग्लुऑनशी होते! (इथे माझा दाखला तोकडा पडतो. बहुरूपी कोणाला अटक करीत नाही.)

डॉ. रोहिणी गोडबोले मूळच्या पुण्याच्या. १९७४ साली पवईच्या आय.आय.टी.तून एम.एस्सी. होऊन त्या अमेरिकेत पीएच.डी.साठी गेल्या. परत आल्यावर १९८२ ते १९९५ त्या मुंबई विद्यापीठात होत्या. मानुएल ड्रेस या जर्मन शास्त्रज्ञासोबत त्यांनी अशा टकरींचा हिशेब मांडला. फोटॉनमधला एकच क्वार्क धडकला, तर उरलेला भाग आपल्या वाटेने पुढे जाणार आणि तो उपकरणांना दिसायला हवा. हॅम्बुर्गच्या हेरा यंत्रात १९९२ साली इलेक्ट्रॉन-प्रोटॉनच्या टकरींवरचे प्रयोग सुरू झाले, आणि तो दिसला.

त्याआधी १९९१ साली दोघांनी एक इशाराही दिला होता. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे अतिदाट झोत समोरासमोर आणले की त्यांतून फोटॉन सुटतात. ते आपसात धडकून नको त्या कणांचा कचरा करतात, आणि हवी ती टक्कर त्यात हरवण्याची भीती असते. याला ड्रेस-गोडबोले परिणाम म्हणतात. तेव्हापासून अशा यंत्राचा आराखडा करणाऱ्याला हा कचरा हिशेबात धरावा लागतो.

गोडबोलेबाई २५ ऑक्टोबर २०२४ रोजी निवर्तल्या. पुढच्या पिढीचे ते यंत्र अजून उभे राहायचे आहे.