आयफोन १५ की गॅलॅक्सी एस२४? दोनपैकी कोणता फोन ठेवावा

हिंदूराव (दिल्ली) : बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांच्या नावाने ओळखला जाणारा उत्तर दिल्लीतील हा परिसर दिल्ली विद्यापीठाच्या जवळ आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांसाठी प्रसिद्ध असलेले मुखर्जीनगरही येथून फार दूर नाही. महाराष्ट्रातून अनेक विद्यार्थी शिक्षणासाठी या भागात येतात. घरभाडे, खानावळ आणि शुल्क यांचा मेळ घालताना त्यांना प्रत्येक मोठ्या खर्चाचा विचार करावा लागतो. अशा विद्यार्थ्याकडे एक स्वतःचा आणि एक घरून भेट मिळालेला, असे दोन महागडे स्मार्टफोन आले, तर कोणता ठेवावा आणि कोणता विकावा, हा प्रश्न केवळ आवडीचा राहत नाही.

उदाहरण म्हणून ॲपलचा आयफोन १५ आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४ हे दोन प्रतिस्पर्धी फोन घेता येतील. पहिला सप्टेंबर २०२३ मध्ये, तर दुसरा जानेवारी २०२४ मध्ये सादर झाला. भारतातील त्यांच्या आरंभीच्या किमती जवळपास सारख्या होत्या. १२८ जीबी साठवणक्षमतेचा आयफोन ७९,९०० रुपयांना, तर २५६ जीबीचा गॅलॅक्सी ७९,९९९ रुपयांना होता. दोन्हींत मेमरी कार्डाची सोय नाही. त्यामुळे व्याख्यानांच्या चित्रफिती आणि टिपणे साठवणाऱ्यासाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

आकार आणि वजनात मोठे अंतर नाही. आयफोनचा पडदा ६.१ इंचांचा व वजन १७१ ग्रॅम, तर गॅलॅक्सीचा पडदा ६.२ इंचांचा व वजन १६७ ग्रॅम आहे. आयफोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा, तर गॅलॅक्सीचा कमाल १२० वेळा ताजा होतो. म्हणून सरकणारा मजकूर गॅलॅक्सीवर अधिक सलग दिसतो. दूरचे छायाचित्र टिपण्यासाठी गॅलॅक्सीत तिप्पट जवळ आणणारे स्वतंत्र भिंग आहे. आयफोन १५ मध्ये ते नाही. दोन्ही फोन यूएसबी-सी जोडणीवर चार्ज होत असल्याने चार्जरचा जुना वाद येथे उरलेला नाही.

परराज्यात राहणाऱ्यांच्या दृष्टीने सिमकार्डाचा मुद्दा अधिक व्यावहारिक आहे. गावाकडचा जुना क्रमांक बँक व आधारशी जोडलेला असतो आणि दिल्लीत अनेकजण दुसरा क्रमांक घेतात. गॅलॅक्सीत दोन प्रत्यक्ष सिमकार्डे बसतात. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोन १५ मध्ये एकच सिमकार्ड बसते, दुसरा क्रमांक ई-सिम स्वरूपात घ्यावा लागतो.

फोन किती वर्षे सुरक्षित राहील, हा सर्वांत निर्णायक प्रश्न आहे. सुरक्षा अद्यतने थांबली की फोन चालू असला तरी बँकेच्या व्यवहारांसाठी तो हळूहळू जोखमीचा होत जातो. सॅमसंगने एस२४ साठी सात वर्षांच्या अद्यतनांचे आश्वासन दिले आहे. ॲपल भारतात असा कालावधी आधी जाहीर करत नसली, तरी तिचा अनुभव चांगला आहे. २०१८ मधील आयफोन एक्सएसला २०२४ मधील आयओएस १८ मिळाली होती. त्यामुळे या निकषावर दोन्ही फोन दीर्घकाळ टिकणारे आहेत.

मग निर्णय कसा घ्यावा? दोन सिमकार्डे, अधिक साठवण आणि दीर्घ वापर ही गरज असेल, तर गॅलॅक्सी ठेवणे सयुक्तिक ठरते. त्याला आणखी एक कारण आहे. जुन्या फोनच्या बाजारात आयफोनची किंमत सहसा कमी वेगाने घसरते. पैशांची गरज असेल, तर ज्याला अधिक भाव मिळतो तोच विकणे शहाणपणाचे. मात्र घरात ॲपलचा संगणक असेल किंवा कुटुंबातील सर्वांची छायाचित्रे आयक्लाऊडवर असतील, तर आयफोन ठेवणे सोयीचे आहे. दोन्ही फोनवर एक-एक आठवडा प्रत्यक्ष काम केल्यास आपली गरज कागदावरील आकड्यांपेक्षा अधिक स्पष्ट होते.

विक्रीपूर्वी काही काळजी आवश्यक आहे. यूपीआय सेवा सिमकार्ड आणि उपकरण या दोहोंशी बांधलेली असते. नव्या उपकरणावर नोंदणी केल्यावर सुरुवातीला काही काळ रकमेवर मर्यादा येते. म्हणून भाडे किंवा परीक्षाशुल्क भरण्याच्या दिवशी फोन बदलू नये. व्हॉट्सॲपवरील संभाषणे आधी हलवावीत, ई-सिम दुसऱ्या फोनवर घ्यावे, ॲपल अथवा गूगल खात्यातून बाहेर पडावे आणि त्यानंतरच फोन पूर्ण पुसावा. खाते तसेच राहिल्यास खरेदीदाराला फोन वापरता येत नाही.

करोलबागच्या गफ्फार मार्केटसारख्या बाजारातून जुना फोन घेणाऱ्यानेही सावध राहावे. *#०६# दाबल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक देयकावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो तपासता येतो. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन देशातील कोणत्याही जाळ्यावर चालत नाही. विकणाऱ्यानेही मूळ देयकाची प्रत आणि व्यवहाराची लेखी नोंद जपून ठेवावी, कारण फोन हातातून गेला तरी त्याच्या खरेदीची नोंद आपल्याच नावावर असते.