१७-डी आणि टी-पेशींची साक्ष

पीतज्वराची '१७-डी' ही लस बहुतेकांना आयुष्यात एकदाच टोचावी लागते. १९२७ साली आजच्या घानामध्ये असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तात सापडलेला विषाणू मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर फाउंडेशनमध्ये उंदराच्या व कोंबडीच्या गर्भपेशींत पुन्हा पुन्हा वाढवून निष्प्रभ केला. १९३७ मध्ये लस हाती आली, १९५१ मध्ये थायलर यांना नोबेल मिळाले. दर दहा वर्षांनी पुन्हा टोचण्याची आंतरराष्ट्रीय प्रवासाची अट २०१६ मध्ये गेली. या टिकाऊपणाचे श्रेय नेहमी प्रतिपिंडांना दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

ही लस जिवंत असल्याने तिचा विषाणू काही दिवस शरीरात खरोखर वाढतो. त्या वेळी पेशीच्या आत तयार होणाऱ्या त्याच्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि मारक टी-पेशी नेमके तेच ओळखतात. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात रफी अहमद यांच्या गटाने लस घेतलेल्या स्वयंसेवकांना जड पाणी पाजले, म्हणजे त्या काळात विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएवर खूण राहते. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विलक्षण होता: पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने विभागलेल्या पेशींतूनच पुढच्या स्मृतिपेशी आल्या होत्या, आणि नंतर त्या वर्षातून एकदाही विभागत नव्हत्या. इतक्या स्वस्थ असूनही विषाणू पुन्हा दिसताच त्या कामाला लागू शकतात.

डेंगीच्या 'डेंगव्हॅक्सिया' लसीचा सांगाडा याच १७-डीचा होता. डेंगीचे होते ते फक्त बाहेरचे आवरण. डेंगीत मारक टी-पेशींचा रोख मुख्यतः आतल्या, विषाणूच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनांवर असतो, आणि ती तर या लसीत पीतज्वराची होती. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना ही लस दिली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात लस बनवणाऱ्या कंपनीनेच सांगितले की, आधी कधी डेंगी न झालेल्यांना लशीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो. यावर आक्षेप येईल की हा धोका अर्धवट जुळणाऱ्या प्रतिपिंडांचा आहे, टी-पेशींचा त्याच्याशी काय संबंध? आक्षेप रास्त आहे. धोक्याचे मूळ प्रतिपिंडांतच दिसते आणि टी-पेशींच्या उणिवेने तो वाढला, असे सिद्ध झालेले नाही. टी-पेशी संसर्ग रोखतही नाहीत. लागण झालेली पेशी त्या मारतात. काही अभ्यासकांनी तर गंभीर डेंगीचा दोष डेंगी विषाणूच्या चुकीच्या प्रकारावर रोखलेल्या टी-पेशींनाच दिला होता. पण श्रीलंकेतल्या रक्तदात्यांवरच्या २०१३ च्या अभ्यासात उलट चित्र दिसले: सौम्य आजाराशी जोडलेल्या जनुकप्रकारांच्या लोकांत टी-पेशींचा प्रतिसाद अधिक जोरकस होता. म्हणून केवळ प्रतिपिंडे मोजून लशीला पास करणे मला धोक्याचे वाटते.

टी-पेशींचे मोजमाप अवघड आहे, हे मान्य. प्रतिपिंडांना गोठवलेला रक्तद्रव पुरतो. टी-पेशी जिवंत ठेवायला द्रवरूप नायट्रोजन आणि सरावलेले हात लागतात. पण पॅनेशिया बायोटेक आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ज्या अमेरिकी वाणांवरून डेंगीची लस घडवत आहेत, त्यांतल्या चारपैकी तीन वाणांत आतली प्रथिनेही डेंगीच्या त्याच प्रकाराची आहेत आणि चौथ्यातलीही डेंगीचीच. पॅनेशियाच्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. अशा चाचण्यांतल्या निदान काही स्वयंसेवकांच्या पेशी गोठवून ठेवल्या, तर दहा वर्षांनी कोणाची स्मृती टिकली हे तपासता येईल. रक्तद्रवाच्या नळ्यांतून ते कधीच कळणार नाही.