इंग्रजी उच्चाराची भीती? शब्दकोड्यातून घालवा!



"सर, इंग्रजी वाचता येतं, पण सप्लायरचा फोन आला की तोंडच उघडत नाही." नवीन उद्योजकांकडून हे वाक्य मी सतत ऐकतो. भीती ग्रामरची कमी, उच्चाराची जास्त असते. समोरचा हसेल म्हणून आपण गप्प बसतो आणि रेट न बोलताच फोन ठेवतो. पैसा तिथे जातो.

मराठी आपण बहुतेक जसं लिहितो तसंच वाचतो. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार ही दोन वेगळी खाती आहेत. म्हणून नवीन शब्द आला की तीन प्रश्न विचारायचे, आणि सरावाला क्रिप्टिक शब्दकोडं घ्यायचं. त्यातल्या प्रत्येक सूचनेत एक सरळ अर्थ असतो आणि एक शब्दांची गंमत, आपल्या शाब्दिक कोटीसारखी. खालच्या सूचना मी बनवल्यात. कंसातला आकडा म्हणजे उत्तराच्या स्पेलिंगमधली अक्षरं.

१) सायलेंट अक्षर कोणतं?

सूचना: 'सायलेंट, मिक्स्ड अप? पे अटेन्शन (६)'

'मिक्स्ड अप' म्हणजे 'सायलेंट'ची अक्षरं उलटसुलट करा. उत्तर: लिसन. अक्षरं तीच सहा, पण 'सायलेंट'मध्ये 'टी' बोलतो आणि 'लिसन'मध्ये तोच 'टी' सायलेंट!

धंद्यातली उदाहरणं: 'रिसीट'मधला 'पी' आणि कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला 'बी'. लॅटिन मूळ शब्दाशी नातं दिसावं म्हणून जुन्या विद्वानांनी ही अक्षरं स्पेलिंगमध्ये घातली. बोलणं मात्र बदललं नाही. म्हणून 'डेब्ट' म्हणू नका. तारखेच्या 'डेट'पेक्षा थोडं आखूड 'डेट' म्हणा.

२) जोर कुठे?

सूचना: 'सम पेरेंट्स मंथली पेमेंट (४)'

'सम' म्हणजे थोडा भाग. 'पेरेंट्स'च्या स्पेलिंगमध्ये आर-ई-एन-टी लपलंय. उत्तर: रेंट. पण बोलताना जोर पहिल्या भागावर येतो, म्हणून 'रेंट' दबून 'रन्ट' होतं. जोर बदलला की आवाज बदलतो.

आता पैशाचं बघा. 'फिफ्टी'मध्ये जोर सुरुवातीला, सुट्या 'फिफ्टीन'मध्ये शेवटी. वाक्यात हा फरक पुसट होतो, आणि १५ चे ५० ऐकू येतात. फोनवर रेट ठरवताना "वन-फाइव्ह की फाइव्ह-झिरो?" असं आकडे सुटे करून विचारा. त्यात लाज कसली?

३) असाच आवाज असलेला दुसरा शब्द आहे का?

सूचना: 'शॉप ऑफर साउंड्स लाइक पार्ट ऑफ अ बोट (४)'

'साउंड्स लाइक' आलं की कान वापरा. होडीच्या शिडाला इंग्रजीत 'सेल' म्हणतात, दुकानातलाही 'सेल'. उच्चार एक, स्पेलिंग दोन.

इथेच बोर्ड आणि बिलं चुकतात. 'कॉम्प्लिमेंटरी'मध्ये 'एल'नंतर 'आय' असेल तर अर्थ मोफत, 'ई' असेल तर पूरक. वह्या-पेनांच्या 'स्टेशनरी'त शेवटी 'ई-आर-वाय', एका जागी थांबलेल्या 'स्टेशनरी'त 'ए-आर-वाय'. खूण लक्षात ठेवा: एन्व्हलपचा 'ई'. छापायच्या आधी तपासा, नाहीतर बोर्ड दुसऱ्यांदा रंगवावा लागेल.

रोज १० मिनिटं काय करायचं?

- आपल्या धंद्यातले ५ शब्द निवडा.
- ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह दाबून ऐका.
- मोठ्याने बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही आवाज ताडून बघा.
- 'द हिंदू'च्या क्रिप्टिक कोड्यातली एक सूचना घ्या. सुटली नाही तर उत्तर बघून उलटं समजून घ्या, तोही अभ्यासच आहे.

इंग्रजांसारखा ॲक्सेंट आपल्याला नकोच आहे. माल, आकडा आणि तारीख समोरच्याला बरोबर कळली, की काम झालं.

आजचा होमवर्क: 'हॉबी चार्ज्ड बाय अ बँक (८)'. हिंट: एकच शब्द, अर्थ दोन. कर्ज घेतलेल्यांना लगेच सुटेल!