हौद्यातील दिवा : किती प्रकाश, कशासाठी?

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ दुकान, अडत, गोदाम आणि घाऊक विक्री यांवर चालतो. एके काळी मालाची ने-आण बैलगाडी, हातगाडी आणि भाड्याचा ट्रक यांवर अवलंबून असे. आज पुष्कळ पेढ्यांच्या दारात स्वतःचे पिकअप उभे असते. 2005 साली बाजारात आलेल्या टाटा एसला तर लोकांनीच ‘छोटा हत्ती’ असे लाडके नाव देऊन घरचा सदस्य करून टाकले. या वाहनांना पुढे मोठे दिवे असतात, चालकाच्या डोक्यावर छोटा दिवा असतो. परंतु ज्या हौद्यासाठी वाहन घेतले, त्या हौद्यात बहुधा अंधारच असतो.

या अंधाराची किंमत कोण मोजतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. बाजार समितीतून माल निघतो तो पुष्कळदा उजाडण्यापूर्वी, आणि गोदामात उतरतो तो दिवेलागणीनंतर. पाठीवर 50 किलोचे पोते घेतलेल्या हमालास स्वतःचे पाऊल दिसत नाही. फाळक्याची कड, सुटलेला दोर, ओला पत्रा यांपैकी काहीही त्याच्या कमरेचा कायमचा घात करू शकते. दुसरा बळी चालकाच्या अब्रूचा जातो. चलनावर 36 पोती आणि उतरली 35, असे झाले की पहिला संशय त्याच्यावर येतो. एखादे पोते कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहिले असावे, हे सकाळी कळते. तोवर बोललेले शब्द परत घेता येत नाहीत. बँकेतील नोकरीत मालसाठ्याची पडताळणी करताना मी हे अनेकदा पाहिले आहे : मोजणी अंधारात झाली की हिशेबातील फरकाचे रूपांतर माणसांमधील फरकात होते.

म्हणून हौद्यात एलईडी दिवे बसवून घेण्याची जी पद्धत अलीकडे रूढ होत आहे, ती स्वागतार्ह आहे. मात्र तो दिवा कसा असावा, याला विज्ञान, कायदा आणि आपला आचारधर्म अशा तिन्ही बाजू आहेत.

दिव्याचा रंग आणि जीवदया

रात्रीचा दिवा म्हटला की कीटक आलेच. रात्रीभोजनत्यागाच्या संस्कारात वाढलेल्या वाचकांस हे वेगळे सांगण्याची गरज नाही. गृहस्थाच्या व्यवसायात अपरिहार्यपणे घडणाऱ्या हिंसेस आपल्या परंपरेत उद्योगी हिंसा म्हटले आहे. ती पूर्णतः टळत नाही, पण यतनेने कमी करता येते. येथे विचार दोन्ही बाजूंनी करावा लागतो. अंधारात पायाखाली व पोत्याखाली जीव चिरडतात, आणि भडक उजेडात ते आपण होऊन ओढले जातात.

यातून मार्ग दाखविते ते दिव्याचेच विज्ञान. पांढरा एलईडी हा प्रायः मुळात निळा दिवा असतो. त्यावरील पिवळसर लेपामुळे तो पांढरा भासतो. असा कार्यक्षम निळा दिवा घडविणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक निशाचर कीटक निळ्या आणि अतिनील प्रकाशाकडे अधिक आकर्षित होतात, पिवळ्या प्रकाशाकडे कमी. तेव्हा 6000 ते 6500 केल्विनचा शुभ्र निळसर दिवा टाळून 2700 ते 3000 केल्विनचा उबदार पिवळसर दिवा घ्यावा. हा आकडा वेष्टनावर छापलेला असतो. पोती मोजण्यास व पाऊल टाकण्यास एवढा प्रकाश पुरेसा होतो.

अर्थात सर्वांत उत्तम उपाय दिव्याआधीचा आहे. जो माल दिवसाउजेडी उतरविता येतो, तो रात्रीवर ढकलू नये. दिवा लागला म्हणून हमालांचे काम दोन तास वाढविणे, किंवा दिसते आहे म्हणून हौद्यात आणखी दहा पोती रचणे, हा त्या दिव्याचा दुरुपयोग होय. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपणाची गणना केलेली आहे, याचे स्मरण व्यापाऱ्याने ठेवावे.

जोडणी कशी असावी

अशा वाहनांची विद्युतव्यवस्था साधारणतः 12 व्होल्टची असते. प्रतिमीटर 4.8 वॅटची पट्टी 5 मीटर लावली, तर एकूण 24 वॅट, म्हणजे 2 अँपिअर प्रवाह लागतो. हा भार लहान आहे. पण दिवा रात्री 8 ते सकाळी 8 चुकून चालू राहिला, तर 60 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून 24 अँपिअर-तास निघून जातात. बॅटरी जुनी असेल तर सकाळी गाडी सुरू होणार नाही. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर रिले बसवावा, किंवा फाळका बंद होताच दिवा विझेल असे बटण लावून घ्यावे.

इंजिन चालू असताना विद्युतदाब 14 व्होल्टच्या आसपास जातो. घरगुती सजावटीची 12 व्होल्टची पट्टी त्यामुळे अधिक तापते व लवकर निकामी होते. वाहनासाठी बनविलेली, 10 ते 30 व्होल्टपर्यंत चालणारी पट्टी घ्यावी. तिच्यावर आयपी 67 अशी खूण पाहावी. यातील 6 म्हणजे धुळीपासून पूर्ण संरक्षण आणि 7 म्हणजे एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडाली तरी सुरक्षित.

जागेचाही विचार हवा. बाजूच्या पत्र्यावर लावलेली पट्टी हौदा भरला की पोत्यांआड जाते आणि ऐन गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरते. मुख्य दिवा केबिनमागील जाळीवर, उंचावर व खाली तोंड करून असावा. ताडपत्रीच्या कमानी असतील तर त्यांच्या आतील बाजूस लावावा. हमाल जेथे पाय ठेवतो त्या जमिनीवर उजेड टाकणारा एक छोटा दिवा फाळक्याखाली असावा.

सर्वांत महत्त्वाचा भाग फ्यूजचा. फ्यूज दिव्यापाशी न लावता बॅटरीच्या धन टोकाजवळ लावावा, कारण तो वायरचे रक्षण करण्यासाठी असतो. वर सांगितलेल्या भारास 5 अँपिअरचा फ्यूज आणि त्याहून अधिक प्रवाह सहज पेलणारी वायर पुरेशी आहे. पत्र्याच्या छिद्रातून वायर नेताना रबरी ग्रोमेट न लावल्यास धक्क्यांनी वेष्टन घासते आणि एके दिवशी ठिणगी पडते. हौद्यात तागाची पोती, कापडाचे तागे किंवा पुठ्ठ्याची खोकी असतील, तर परिणाम काय होईल हे सांगावयास नको. मागील दिव्याच्या वायरला जोड मारून काम उरकणारे कारागीर पुष्कळ असतात. ते करू देऊ नये. मूळ जोडणीवर भार पडतो आणि रस्त्यावर हौदा उजळलेला राहतो.

कायदा आणि विमा

ही शेवटची बाब कायद्याच्या दृष्टीनेही गंभीर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 108 नुसार वाहनाच्या मागील बाजूस तांबड्याखेरीज अन्य रंगाचा प्रकाश दिसता कामा नये. वळणाचे दिवे, मागे घेतानाचा दिवा, क्रमांकपट्टीचा दिवा व वाहनाच्या आतील दिवा असे मोजकेच अपवाद आहेत. उघडा हौदा म्हणजे वाहनाचा अंतर्भाग, असे गृहीत धरणे योग्य नव्हे. तेव्हा हा दिवा गाडी उभी असतानाच लावावा आणि निघण्यापूर्वी विझवावा. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपविणे हीदेखील एक हिंसाच आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारांस मर्यादा घालते, म्हणून छिद्रे पाडून सांगाड्याशी खेळ करू नये.

विम्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कारखान्याच्या विक्री किमतीत समाविष्ट नसलेले विद्युत साहित्य विमापत्रात स्वतंत्रपणे नोंदविता येते. नोंद नसलेल्या जोडणीतून आग लागली, तर दावा मागताना वाद उद्भवू शकतो; आणि वाहन बँकेकडे तारण असेल, तर कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. यासाठी साहित्याची पावती जपून ठेवावी, विमा कंपनीस लेखी कळवावे, आणि वाहन हमीच्या मुदतीत असल्यास अधिकृत सेवाकेंद्रातूनच काम करून घ्यावे.

चातुर्मासात जीवोत्पत्ती वाढते, पत्रा निसरडा होतो आणि ओल्या वायरीही याच काळात दगा देतात. म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. दिवा कोठे हवा, हे ठरविताना आपल्या हमालास आणि चालकास अवश्य विचारावे. पाऊल कोठे अडखळते, हे गादीवर बसलेल्या आपल्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.