काटा आणि मायक्रोमीटर : तपासणी कधी करावी?

उस्मानपुऱ्याच्या पीर बाजारात माल काट्यावर तोलला जातो, तर जवळच्या स्टेशन औद्योगिक वसाहतीत सुटे भाग मायक्रोमीटरने मोजले जातात. दोन्हीकडे प्रश्न एकच : साधन किती दिवसांनी तपासावे?

दुकानदारांसाठी उत्तर कायद्यात आहे. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्याखालील नियमांनुसार वजने, लिटरची मापे, मीटरपट्टी व दांडीचा तराजू यांची फेरपडताळणी दर २४ महिन्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी करावी लागते. दुरुस्तीनंतर मुदत शिल्लक असली तरी पुन्हा पडताळणी व मुद्रांकन आवश्यक आहे.

परंतु शिक्का ही त्या दिवसाची साक्ष आहे, पुढील वर्षाची हमी नव्हे. काटा किलोमागे १० ग्रॅम जास्त दाखवू लागला आणि रोज १०० किलो माल विकला, तर महिन्यात ३० किलो माल गिऱ्हाइकाच्या हक्काचा आपल्याकडे राहतो. म्हणून रोज सकाळी शिक्क्याचे वजन काट्यावर ठेवून पाहावे.

कारखान्यातील मायक्रोमीटर, व्हर्नियर व गेज यांची मुदत आयएसओ ९००१ ही ठरवून देत नाही. ती आपणच ठरवायची असते. सुरुवातीस सहा महिने धरावेत आणि प्रत्येक तपासणीची नोंद वहीत ठेवावी. लागोपाठ तीन वेळा साधन बरोबर निघाले तर मुदत वाढवावी. चूक निघाली तर निम्मी करावी. साधन हातातून पडले तर त्याच दिवशी तपासावे. मास्टर पीस व स्लिप गेज पेटीत जपून ठेवावेत, रोजच्या कामास वापरू नयेत. त्यांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी, कारण बाकी सर्व साधने त्यांच्यावरच ताडून पाहिली जातात.

मुदत ठरविताना आम्ही एक कसोटी सुचवितो. साधन चुकीचे निघाले की मागील बरोबर तपासणीपासूनचा सर्व माल संशयास्पद ठरतो. म्हणून जेवढ्या दिवसांचा माल परत तपासणे आपल्याला परवडेल, तेवढीच मुदत ठेवावी. वाळूजच्या कंपनीला दर आठवड्यास माल जात असेल, तर माल पाठविण्यापूर्वी मायक्रोमीटर मास्टरवर लावून पाहावा.

हजरत शुऐब (अलैहिस्सलाम) यांनी मदयनच्या लोकांना मापात पूर्ण देण्याची ताकीद दिली होती. सूरह मुतफ्फिफीनचा विषयही हाच आहे. नकळत कमी गेले तर गोष्ट वेगळी. पण तपासण्याचे साधन हाताशी असताना न तपासणे हा बेफिकीरपणा आहे. हलाल रोजीची काळजी घेणाऱ्याने आपल्या काट्याचीही काळजी घ्यावी.